एक शेड गडद

४ तारीख, सोमवार

धाकटे,

सव्वीस वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले आणि विषय काय, तर मेकअपच्या दुकानातल्या पोरींचा उर्मटपणा. हसू नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

सोबत लेकीच्या लग्नाची पत्रिका आहे. चोवीस तारखेला, रविवारी. यायचं की नाही ते तू ठरव. माझ्या लग्नात तू दिवसभर खोलीत रुसून बसलीस आणि नंतर घरच सोडून गेलीस, त्याचा राग मी मनात ठेवलेला नाही. मोठ्या बहिणीने किती मनात ठेवायचं, यालाही मर्यादा असते.

आता कामाचं. माझ्या ओळखीची एक बाई आहे, माझ्याच वयाची. तिच्या ओठाच्या कडेला आणि डाव्या डोळ्याखाली पांढरे डाग उठलेत. तिच्याही घरात मुलीचं लग्न आहे. नव्या सोयऱ्यांना लग्नाआधी कळलं तर पंचाईत, म्हणून तेवढ्यापुरते झाकायचे आहेत. तुला अकराव्या वर्षापासून आहेत, तुला अनुभव. त्यावर काय लावतात, कुठल्या कंपनीचं, कितवा नंबर, एवढं कळव.

तिच्यासाठी परवा बाजारातल्या त्या मोठ्या दुकानात गेले होते. बाहेर काच, आत काच, आणि मधे तीन पोरी, त्याही काचेच्याच. आपल्याला बघून एकीच्याही चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मी दारातून काउंटरपर्यंत चालत गेले तेवढ्यात एकीने मला पायापासून केसापर्यंत मोजलं आणि चपलेवरच थांबली. माझी दुकानातली रोजची चप्पल होती. तेवढ्यावर माझी लायकी ठरली.

दहा मिनिटं उभी राहिले. दोघी एकमेकींच्या नखांकडे बघत होत्या. नखं म्हणजे काय, प्रत्येकीच्या हाताला पाच पाच चमचे. शेवटी मी काउंटरवर थाप मारली तेव्हा एक नखवाली म्हणाली, "हां काकू, बोला. काजळ ना?"

काकूला काजळच लागणार, हे हिने परस्पर ठरवून टाकलं. डाग झाकायला क्रीम हवंय म्हटल्यावर तिने चेहऱ्याकडे पाहिलं आणि टेस्टरची बाटली चक्क मागे ओढली. "मॅडम, हात लावू नका हं. दुसरे कस्टमर पण वापरतात." काकूची मॅडम झाले, तीही लांब ठेवायला. मग आइस्क्रीमच्या काडीवर थेंबभर क्रीम घेऊन, हात लांब करून, ती काडी माझ्यापुढे धरली. आपण मांजराला मासा देतो ना, तशी.

माझं तीस वर्षांचं दोऱ्या-बटणांचं दुकान आहे. मीही गिऱ्हाइकाला मूर्ख म्हणते, तोंडावर म्हणते. पण पुढ्यात आलेल्या माणसाला आधी स्टूल देते, मग मूर्ख म्हणते.

उत्तर लवकर पाठव. त्या बाईला घाई आहे.

तुझी ताई

९ तारीख, शनिवार

धाकटे,

तुझं उत्तर नाही. पोस्टाचा घोळ असेल असं धरून पुन्हा लिहिते.

काल दुसऱ्या दुकानात गेले. हे बाजाराच्या टोकाचं, पाटीवर चार ओळी इंग्रजी आणि आत बसायला एक खुर्ची नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इथे पोरी नाहीत, एक टायवाला आहे. त्याला हसण्याचा पगार मिळत असावा, आणि तो पगार वेळेवर मिळत नसावा.

मी म्हटलं, डाग झाकायला हवंय. तो म्हणाला, "मॅडम, आपण पूर्ण चेहराच उजळ करून टाकू. मग डाग वेगळा दिसणारच नाही." म्हणजे भिंतीला एक डाग पडला तर घरच चुन्यात बुडवा. या अकलेच्या कांद्याला मी शांतपणे सांगितलं की बाबा, मला माझा रंग हवाय, तुझ्या जाहिरातीतला नकोय. त्यावर त्याने पाच बाटल्या मांडल्या आणि एकेक ठिपका माझ्या, म्हणजे त्या बाईच्या, गालावर लावला. शाईने लिहिलंय म्हणून खोडत बसत नाही. तीही बरोबर होती.

वर दिवे कसले, ऑपरेशनच्या खोलीत असतात तसले. त्या उजेडात पाचही ठिपके सारखेच दिसत होते. आता मला सांग, रंग जुळवायचा तर दारात जायला नको? माझ्या दुकानात बाई कापड घेऊन आली की मी रीळ आणि कापड दोन्ही घेऊन पायरीवर जाते. दिवसाच्या उजेडात दोरा कापडावर आडवा टाकते, आणि दिसेनासा झाला की तोच द्यायचा. शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट. मी पाच ठिपके घेऊन दाराकडे निघाले तर पहारेकरी आडवा आला. "टेस्टर लावून बाहेर जाता येत नाही."

मी म्हटलं, "अहो, टेस्टर काउंटरवर आहे. गालावर आहे तो गाल माझा आहे."

तो म्हणाला, "नियम आहे."

टायवाला लांबून हसत होता. मी रुमालाने गाल पुसला, रुमाल त्याच्या काउंटरवर ठेवला आणि निघून आले.

कंपनी आणि नंबर. एवढंच मागतेय तुझ्याकडे, दागिने नाहीत मागत.

ताई

१६ तारीख, शनिवार

धाकटे,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या कोऱ्या कार्डावर दोनच शब्द. "तुला कधीपासून?"

आम्ही दुकानात गिऱ्हाइकाला फसवू शकलो नाही की म्हणतो, शहाणं आहे. तू पहिल्यापासून शहाणी.

पितळ उघडं पाडलंस म्हणून सांगते. आठ महिने झाले. आधी बोटाच्या पेरावर आला, मी म्हटलं साबणाने झाला असेल. मग ओठाच्या कडेला. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलंय, पण ते वेळ घेतं, आणि माझ्याकडे आठ दिवस आहेत. लेकीला माहीत आहे, आमच्या ह्यांना माहीत आहे. विहीणबाईंना नाही. त्या दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा मी डोक्यावरून ओढणी घेऊन, सर्दी झाल्याचं सोंग करून बसले. लग्न लागेपर्यंत हे झाकलेलं राहिलं पाहिजे. लोक हसून बोलतात आणि घरी जाऊन ठरवतात, हे तुला नव्याने सांगायला नको. पोरीचं ठरलेलं मोडलं आणि कारण माझं तोंड, असं झालं तर मी कुठे जाऊ?

तर ऐक, काम झालंय. तुझ्या मदतीशिवाय.

मला साधी गोष्ट आधीच सुचायला हवी होती. परवा दुपारी दुकानात कोणी नव्हतं. आरसा घेऊन पायरीवर बसले आणि तपकिरी दोऱ्यांचा अख्खा खोका काढला. बावीस रिळं. एकेक दोरा डागाशेजारच्या चांगल्या कातडीवर ताणून धरला. चौदावा दोरा दिसेनासा झाला. तीस वर्षं लोकांच्या कापडाला दोरा जुळवला, त्या दिवशी स्वतःला जुळवला. शेजारच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, "ताई, तोंड शिवताय का?" मी म्हटलं, "आधी तुझं शिवते."

ते रीळ घेऊन तिसऱ्या दुकानात गेले. इथे एक चष्मेवाली पोरगी होती. रीळ बघून तिला हसू आलं, पण दाबलं, एवढी तरी अक्कल होती. रीळ बाटल्यांशेजारी फिरवत फिरवत तिने एक बाटली काढली. "काकू, ही बसतेय बघा."

आता तुला धंद्यातली गोष्ट सांगते. दोरा रिळावर गच्च गुंडाळलेला असतो तेव्हा गडद दिसतो. शिवल्यावर एकेरी येतो, तेव्हा फिका पडतो. म्हणून जाणकार बाई नेहमी एक शेड गडद घेते. मी तिला म्हटलं, "ही नको. हिच्या पुढची, एक शेड गडद."

ती म्हणाली, "काकू, हीच बरोबर आहे. पुढची काळपट दिसेल."

"किती वर्षं काम करतेस?"

"चार महिने."

"मी तीस वर्षं करते. गुंडाळ."

तिने गुंडाळली आणि बिलावर काहीतरी खरडलं. खरडू दे. काल जन्मलेल्या पोरी मला रंग शिकवणार!

उद्या विहीणबाई येताहेत, शेवटचं काय ते ठरवायला. उद्या ओढणी नाही, सर्दी नाही.

ताई

१८ तारीख, सोमवार

धाकटे,

काय झालं ते लिहायलाच हवं असं नाही, पण लिहिल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

क्रीम म्हणजे दोरा नव्हे. ते शिवल्यावर फिकं होत नाही. उलट तासाभराने वाळलं की आणखी गडद होतं. विहीणबाई चार वाजता आल्या तेव्हा ठीक होतं. पाच वाजता माझ्या ओठाच्या कडेला आणि डोळ्याखाली चहा सांडल्यासारखे दोन तपकिरी चट्टे होते. पांढरे बरे होते. विहीणबाई बघत होत्या, नजर काढून घेत होत्या, पुन्हा बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "उन्हात फार फिरता का?" मी म्हटलं, "हो, धंदाच तसा." दोऱ्यांच्या दुकानात बसणाऱ्या बाईला कसलं ऊन! त्या अर्ध्या तासात उठल्या.

आज सकाळी बाटली घेऊन तिसऱ्या दुकानात गेले. भांडायच्या तयारीनेच गेले, खोटं कशाला सांगू. बदलून द्या म्हटलं. चष्मेवालीने बिल मागितलं आणि माझ्यापुढे धरलं. त्यावर लाल शाईत लिहिलेलं, "ग्राहकाच्या सांगण्यावरून." चार महिन्यांची पोर, पण हिशेबाने वागली. मी तरी बोंब मारली. तुमच्या दुकानात माणसं आहेत की बाहुल्या, बाईला बसायला खुर्ची नाही, दारात उजेड नाही, नुसता वास आहे. सगळं बाजारात ऐकू जाईल असं बोलले. पहिल्या दोन दुकानांचंही तिच्यावरच काढलं. उघडलेली वस्तू परत घेत नाहीत म्हणे. आणि मालक कुठे, तर मालक कधीच नसतात.

मी ओरडून दमले तेव्हा ती पोरगी हळूच, अगदी प्रेमाने म्हणाली, "काकू, एवढा त्रास कशाला करून घेता? त्या दिवशी जरा मागच्या बाजूला बसायचं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

तिच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं मला. असं कोण बोलतं? स्वतःच्या घरच्या लग्नात माणसाला मागे बसायला कोण सांगतं? दुकानातून बाहेर आले, औषधाच्या दुकानाच्या कठड्यावर बसले, आणि तिथे बसल्या बसल्या कोण सांगतं ते आठवलं.

धाकटे, पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू रुसून बसली नव्हतीस. हेच शब्द मी तुला म्हणाले होते, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. वर म्हणाले की ह्यांच्या घरच्यांनी तुला पाहिलं तर लग्न मोडेल. तू हो म्हणून मान हलवलीस. तुला नवा पोशाख शिवला होता, तो तू घालून तयार होतीस. तू आत गेलीस आणि मी बाहेरून कडी लावली. तू मान हलवल्यावर कडी लावायची गरज नव्हती. तरी लावली. सगळ्यांना सांगितलं, तिला ताप आहे. आणि सासरी जाताना मी कडी काढायला विसरले. आईने संध्याकाळी सहाला दार उघडलं, तोवर तुझ्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं, हे मला आईनेच पुढे सांगितलं. मी आईला म्हटलं, मग काय झालं? एक दिवस तर होता.

त्या नखवालीने काडी लांब धरली म्हणून मी तिला नावं ठेवली. मी तर दारच लावलं होतं. मला माझी किळस येते, इतकी त्या तिन्ही दुकानांचीही आली नाही.

पण एक गोष्ट तेवढी खरी होती, आणि ती मी अजून धरून आहे. लग्न मोडलं असतं. माणसं तशीच होती, काळ तसा होता. मी वाईट केलं, पण उगाच नाही केलं.

ताई

२२ तारीख, शुक्रवार

धाकटे,

ते शेवटचं वाक्य खोडून टाक. पत्र फेकलं असशील तर प्रश्नच नाही.

काल संध्याकाळी मी आरशापुढे ती जुनी आणि नव्या आणलेल्या दोन, अशा तीन बाटल्या मांडून बसले होते. तिसरीत थोडी पावडर मिसळून काही जमतंय का बघत होते. लेक आत आली, खाटेवर बसली आणि म्हणाली, "आई, हे कोणासाठी चाललंय?"

"तुझ्या सासूबाईंसाठी."

"त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

मी हातातली बाटली खाली ठेवली. ती म्हणाली, "लपवायचं काय त्यात? तुझे सांगितले, मावशीचेही सांगितले. त्या म्हणाल्या, बरं. एवढंच. रविवारी इथून घरी गेल्यावर मला फोनवर विचारत होत्या, तुझ्या आईला भाजलंय का गं? विचारू की नको, कळेना म्हणून ऊन म्हणाले."

म्हणजे मी ओढणी घेऊन सर्दीचं सोंग करत होते तेव्हा ती बाई सगळं माहीत असून मला आल्याचा काढा कसा करायचा ते सांगत होती. हसं झालं माझं. पण खरं पुढेच आहे.

लेक गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "आताच्या लोकांना चालतं हो. आपल्या वेळेला असं असतं तर?" हे पेपर वाचत होते. तुला माहीत आहे ना, तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली आणि बोलणंही नळासारखंच, दिवसातून एक तास. पेपर बाजूला न करताच म्हणाले, "आपल्याही वेळेला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुझ्या बहिणीचं. तुझ्या बाबांनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. माझी आई म्हणाली होती, मग काय झालं? लग्नाच्या दिवशी आईने तिच्यासाठी ताटही राखून ठेवलं होतं. विचारलं तर तू म्हणालीस, ताप आहे."

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलणार? मला वाटलं, ताप असेल."

बाबांनी मला का सांगितलं नाही, ते आता कोणाला विचारू? कदाचित त्यांना वाटलं असेल, स्वतःच्या बहिणीबद्दल हिला काय वेगळं सांगायचं.

तर हे असं आहे. तुला लपवायला मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी सुचवलं नव्हतं, काही मोडणार नव्हतं. सव्वीस वर्षं मी सासरच्यांच्या नावावर जे खपवलं, ते माझं एकटीचं होतं. मलाच तू तिथे नको होतीस. नव्या माणसांसमोर, माझ्या शेजारी, त्या चेहऱ्याने. याला दुसरं कारण नाही, आणि मी शोधायचंही थांबवलं आहे.

परवा लग्न आहे. ये असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पत्रिका तुझ्याकडे आहे.

ताई

२९ तारीख, शुक्रवार

धाकटे,

तू आली नाहीस. येशील असं वाटलं नव्हतं, तरी दाराकडे बघत होते.

तोंडाला काही लावलं नाही. त्यात धैर्य वगैरे नाही, तिन्ही बाटल्या चुकीच्या होत्या. दोन बायकांनी टक लावून पाहिलं, त्यांच्याकडे मीही टक लावून पाहिलं. बाकीच्यांना जेवणाची घाई होती. आपल्या तोंडाकडे जग बघत बसलंय असं मला वाटत होतं. जगाला पंगतीत पहिला नंबर हवा होता.

फोटोवाल्याने घरच्यांना ओळीत उभं केलं. तेव्हा विहीणबाईंनी विचारलं, अगदी सहज, "तुमच्या बहीण नाही आल्या? त्यांची ओळख करून घ्यायची होती." माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. तब्येत बरी नाही. मला त्या उत्तराची सवय आहे.

मी म्हटलं, "ती येणार नाही. माझ्या लग्नात मी तिला खोलीत कोंडलं होतं. डागांमुळे. आणि सगळ्यांना ताप सांगितला होता."

फोटोवाला कॅमेरा खाली घेऊन उभा राहिला. हे स्वतःच्या बुटांकडे बघत होते. विहीणबाई "अगं बाई" एवढंच म्हणाल्या, आणि माझ्यापासून पाऊलभर सरकल्या. डागांमुळे सरकल्या नव्हत्या. इतके दिवस ज्या नजरेला मी भीत होते ती नजर मला मिळाली, आणि ती बरोबर होती.

लेकीला हे काही माहीत नव्हतं. तिला मी लहानपणापासून सांगत आले, तुझी मावशी रुसकी आहे, विक्षिप्त आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग फोटोवाल्याला म्हणाली, "काढा." त्या फोटोत आम्ही सगळे आहोत आणि कोणीही हसत नाही.

पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जावई रोज फोन करून खुशाली सांगत होता, गरीब बिचारा, त्याला काय माहीत तो कुठल्या घरात पडलाय. आज सकाळी तिचा स्वतःचा फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. म्हणाली, "मावशीचा पत्ता दे. शनिवारी सुट्टी आहे, आम्ही जाणार आहोत." मी दिला. मी येऊ का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते ठरवायचा हक्क तुझा आहे, माझा नाही.

म्हणून हे पत्र लगबगीने टाकतेय. उद्या की पुढच्या शनिवारी, ते मी तिला विचारलं नाही, तिला फार बोलवत नव्हतं. दारात अचानक एक पोरगी दिसली तर घाबरू नकोस. उंच आहे, बोलायला तिखट आहे, पण मनाने माझ्यासारखी नाही. तिला आत घे.

फोन ठेवताना तिने विचारलं, "रिकाम्या हाताने कसं जायचं? मावशीला काय आवडतं?"

धाकटे, तुला काय आवडतं ते मला सांगता आलं नाही.

ताई